बऱ्हाणपूर कसे लिहावे? : नाव, नोंद आणि निरोप



आजचा विषय संगणकाचा असला तरी मी बोलणार आहे ते लेखक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांशी. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत दोन शोधांनी आपला रोजचा व्यवहार बदलून टाकला. एक शोध माहितीची नोंद ठेवण्याचा, ज्याला आपण डेटाबेस म्हणतो. दुसरा निरोप धाडण्याचा, म्हणजे ईमेल, एसएमएस आणि त्यांची पुढची भावंडे. या दोन्ही शोधांत मराठी अक्षरांना जागा मिळाली आहे का, आणि मिळाली असेल तर ती आपण वापरतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यासाठी या शहराच्या नावाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावावरून हे शहर वसले. हिंदीत ते ‘बुरहानपुर’ झाले, मराठीत ‘बऱ्हाणपूर’. कोणी ‘बुऱ्हाणपूर’ लिहितो, कोणी ‘बुरहानपूर’. वाचणाऱ्याला यात अडचण येत नाही, कारण तो शहर ओळखतो. संगणक शहर ओळखत नाही. त्याला प्रत्येक अक्षरामागचा क्रमांक तेवढा कळतो, आणि क्रमांक वेगळे असले की त्याच्या लेखी शहरही वेगळे.

नोंद ठेवणे या शहराला नवे नाही. इथल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. इमारत एक आणि तिची नोंद दोन लिपींत, हे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे सहज घडले. मराठ्यांच्या कारभारातही कागदांची कमतरता नव्हती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले होते. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. तोवर हवा तो कागद काढायचा, तर तो कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असलेला जाणकार शोधावा लागे. माहिती असणे आणि ती सापडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सुरुवातीच्या संगणकांचीही अवस्था याहून फार वेगळी नव्हती. माहिती कुठे, कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे ठाऊक असल्याशिवाय ती बाहेर काढता येत नसे. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी एका निबंधात सांगितले की माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. वापरणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कुठे आहे हे शोधणे यंत्राचे काम. म्हणजे रुमाल ओळखणाऱ्या जाणकाराचे काम त्यांनी यंत्राकडे सोपवले. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, शिधापत्रिका हे सारे पुढे याच कल्पनेवर उभे राहिले. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे शास्त्र जगभरच्या महाविद्यालयांत ज्या पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते, त्यांतले एक प्रमुख पुस्तक रमेझ एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांचे आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ सालची. नवाथे अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत प्राध्यापक होते. मोठ्या कोष्टकाचे उभे तुकडे कसे पाडावेत, म्हणजे एकत्र लागणारे रकाने एकत्र राहतील, यावरचे त्यांचे आणि सहकाऱ्यांचे १९८४ सालचे संशोधन आजही आधाराला घेतले जाते. त्यांचे आडनाव पुस्तकावर रोमन लिपीत छापलेले असते. ते वाचून एखादा विद्यार्थी ‘नवथे’ म्हणेल, एखादा ‘नवाठे’. ‘अ’ की ‘आ’, ‘थ’ की ‘ठ’, हे रोमन स्पेलिंग सांगतच नाही.

आता कोष्टकातल्या एका कळीच्या गोष्टीकडे येतो. प्रत्येक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून प्रत्येकीला एक खूण द्यावी लागते. माणसाचे नाव त्यासाठी निरुपयोगी. एकाच गल्लीत तीन सुरेश पाटील निघतात. म्हणून क्रमांक देतात. आधारचा क्रमांक १२ आकडी असतो. मध्य प्रदेशाच्या समग्र योजनेत कुटुंबाला ८ आणि सदस्याला ९ आकडी क्रमांक मिळतो. ही सोय उत्तमच आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला की माणूस क्रमांकावरून सापडू लागला आणि नाव नीट लिहिण्याची निकड संपली. ‘नंबर बरोबर आहे ना, मग झाले!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

इथे ‘ळ’चा प्रश्न येतो. काळे कुटुंबातले मूल शाळेत जाते. अर्ज रोमन लिपीत भरला जातो. रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. पुढे कधीतरी तीच नोंद यंत्राने किंवा कारकुनाने देवनागरीत आणली की गुणपत्रिकेवर ‘काले’ येते. मुळे यांचे ‘मुले’ होतात आणि गोळे यांचे ‘गोले’. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. हिंदीच्या शालेय लेखनात ‘ळ’ची गरज पडत नाही, म्हणून तो हाताला आठवत नाही. आपल्या शेजारच्या निमाडीत मात्र तो बोलला जातो, म्हणजे ही गोष्ट एकट्या मराठीच्या अभिमानाची नाही.

उलट दिशेचे उदाहरणही पाहा. आपण ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमनमध्ये ‘डी’पासून लिहितो, हिंदीभाषक ते ‘जी’पासून लिहितो, कारण दोघांचे उच्चार वेगळे. देवनागरीत दोन्ही नावे अक्षरशः एक आहेत. रोमन नोंदीत मात्र ती दोन माणसे होतात, आणि वर्णानुक्रमाच्या यादीत एकमेकांपासून लांब जाऊन बसतात. म्हणजे रोमनच्या आडवाटेने गेल्यावर एकीकडे दोन वेगळी आडनावे एक होतात आणि दुसरीकडे एकच नाव दुभंगते.

मग संगणकात आपल्या अक्षरांना जागाच नाही का? आहे, आणि चांगली आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक जाहीर केले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतली. ‘ळ’ तिथे पहिल्यापासून आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. सरकारी इनस्क्रिप्ट कळफलकावर तर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबून ‘ल’ची कळ दाबली की ‘ळ’ उमटतो. तेव्हा अडचण यंत्राने अक्षर नाकारल्याची नाही. अक्षराची जागा तयार आहे, पण तिथे बोट जात नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवू या. मराठीतला ‘ल’ आणि हिंदीतला ‘ल’ यांची वळणे वेगळी आहेत, ‘श’चीही. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठी वळणे ठरवून दिली. पण युनिकोडात दोन्ही वळणांच्या ‘ल’चा क्रमांक एकच. फॉन्ट बदलला की वळण बदलते, शब्द तोच राहतो. त्यामुळे हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. ‘ळ’चा ‘ल’ झाला तर मात्र क्रमांकच बदलतो, आणि कोणताही फॉन्ट तो परत आणू शकत नाही.

आता पुन्हा शहराच्या नावाकडे. ‘बऱ्हाणपूर’मधला ‘ऱ्हा’ पाहा. हा अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनी टंकता येतो. पहिल्या रीतीत त्याचे स्वतंत्र अक्षर वापरतात. मग पूर्ण नावाचे नऊ क्रमांक होतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. तेव्हा दहा क्रमांक होतात. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी. यंत्राला ही समानता मुद्दाम शिकवलेली नसेल, तर एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेला लेख सापडत नाही. उद्या एखादी विद्यार्थिनी या शहरावर प्रबंध लिहील, ग्रंथालयाच्या यादीत ‘बऱ्हाणपूर’ शोधील, आणि काहीच नाही असे उत्तर मिळाल्यावर उठून जाईल. पुस्तक मात्र तिच्या मागच्याच कपाटात असेल.

निरोपाची कथाही अशीच आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला निरोप धाडला आणि पत्त्यात माणूस व यंत्र यांच्यामध्ये आज सर्वपरिचित झालेले ‘ॲट’चे चिन्ह ठेवले. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला; तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. एसएमएसच्या पाकिटात १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीला तिथे १६ बिट लागतात, म्हणून ७०च. त्यातही आपली मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘शुभेच्छा’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र त्यात आठ चिन्हे मोजते. रोमनमध्ये हाच शब्द बारा अक्षरांचा होईल, पण १६०पैकी बारा हे ७०पैकी आठांपेक्षा स्वस्त पडतात.

एका निरोपाला पैसे पडत होते त्या दिवसांत आपण रोमनकडे वळलो, ते काटकसर म्हणून. त्यात गैर काही नव्हते. आता ती मर्यादा उरलेली नाही. व्हॉट्सॲपवर पानभर देवनागरी लिहिली तरी कोणी जास्त पैसे मागत नाही. संकेतस्थळाचे नावसुद्धा २०१४पासून ‘डॉट भारत’ असे देवनागरीत घेता येते. कारण संपले, सवय मात्र राहिली. घरात मराठी बोलणारी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी लिहिणारी इथली मुले आजीला निरोप धाडतात तो रोमनमध्ये. मराठी लिहिण्याचा त्यांना रोज मिळू शकणारा हा एकमेव सराव, आणि तोही हातचा जातो.

महाराष्ट्रात ‘काळे’ चुकून ‘काले’ झाले, तर भोवतालचे दहाजण दुरुस्त करतात. इथे गुणपत्रिकेवर, परवान्यावर, मग दारावरच्या पाटीवर ‘काले’ आले, की नातवंडे आपले आडनाव तसेच उच्चारू लागतात. त्यांच्या दृष्टीने कागद खरा असतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

यावर लगेच धावत जाऊन सगळे कागद बदलून घ्या, असे मी सांगणार नाही. एका कार्यालयात ‘काळे’ आणि दुसऱ्यात ‘काले’ राहिले, तर यंत्राला ती दोन माणसे दिसतात आणि शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन अडकून बसते. मोठ्यांनी बदल करायचा तर सगळीकडे एकदम, विचारपूर्वक करावा. मुलांची गोष्ट वेगळी आहे. जन्माची नोंद आणि पहिलीचा प्रवेशअर्ज हे दोन कागद देवनागरीत बरोबर भरले, तर पुढचे बहुतेक कागद त्यांच्यामागून जातात. शिक्षकांना माझी विनंती एवढीच की प्रवेशाच्या दिवशी पालकांना विचारा, ‘आपल्या आडनावात ल आहे की ळ?’

लेखकांनी आपले लेखन युनिकोडमध्ये द्यावे. जुन्या खासगी फॉन्टांत जुळवलेला मजकूर कागदावर सुंदर दिसतो, पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची चिन्हांची खिचडी होते, आणि शोधात तो कधीच सापडत नाही. अकादमीनेही आपल्या वार्षिकांचे जुने अंक शोधता येतील अशा रूपात आणावेत. छायाचित्र काढून ठेवले तर ते पाहता येतील, पण त्यांतला शब्द शोधता येणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. बऱ्हाणपूर, नेपानगर आणि आसपासच्या गावांतल्या मराठी घरांची आडनावे, गल्लीमोहल्ल्यांची नावे, केळीच्या बागेतले आणि मागावरचे शब्द यांची एक यादी करा. संगणकावर साधे कोष्टक पुरेल. पहिल्या रकान्यात मराठी रूप, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात रोमन, चौथ्यात तो शब्द कोणत्या भागात ऐकला ते. माणसांची खासगी माहिती त्यात नको, नुसती नावे आणि शब्द. असे कोष्टक शाळेत आणि नोंदणीच्या टेबलावर ठेवले, तर कारकुनालाही ‘ळ’ कुठे हवा ते विचारावे लागणार नाही.

त्या यादीची पहिली ओळ मी आजच देऊन ठेवतो: बऱ्हाणपूर, स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, नऊ चिन्हांचे. दुसरी ओळ प्रत्येकाने आपल्या आडनावाची लिहावी.