अनवाणी घोड्याचा नालबंद

घोड्याच्या पायास नाल हवाच, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकांतील ग्रीक ग्रंथकार झेनोफोन यानें खूर टणक व्हावे म्हणून घोड्यास गोट्यांच्या अंगणांत उभें करावें, असें सांगितलें. त्या काळीं तेथें खिळ्यांचा नाल नव्हता.

आज युरोप-अमेरिकेंत पुष्कळ घोडे अनवाणी ठेवतात. मात्र नाल काढला म्हणून नालबंद अनावश्यक ठरत नाहीं. खूर महिन्याकाठीं सुमारें ८-९ मिलिमीटर वाढतो. झीज पुरेशी न झाल्यास तो दर ४ ते ८ आठवड्यांनीं छाटावा लागतो.

मग जाणता नालबंद ओळखावा कसा? कानस हातीं घेण्यापूर्वीं तो घोड्यास चालवून पाहतो. टाच आधीं टेकते कीं खुराचें टोक, हें न्याहाळतो. तो दाणावैरणीची चौकशी करतो, कारण चुकीच्या आहारानें खूर आंतून सुजतात. तळवा तो पातळ करीत नाहीं. खूर ऊन लागल्यास पशुवैद्यास बोलावण्यास सांगतो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं होते. घोडा खडीवर कालच्यापेक्षां अवघडून चालूं लागला, तर खूर कितीही सुबक दिसो, धन्यानें नालबंदास जाब विचारावा. मुक्या जनावराची तक्रार त्याच्या चालींतच वाचावी लागते.