जबलपूरचा अर्ज आणि दिल्लीचा निकाल



अमेरिकेचे संविधान आणि तिथले गाजलेले खटले हा आजचा विषय. त्याची सुरुवात मी जबलपूरपासून करणार आहे, कारण तिथल्या एका अर्जाने उभा केलेला प्रश्न अमेरिकेलाही सुटलेला नव्हता.

25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला: कलम 14, 21 आणि 22 खालचे हक्क बजावून घेण्यासाठी कोणालाही कोर्टात जाता येणार नाही. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांतल्या शिवकांत शुक्ल यांनी जबलपूरच्या हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. मागणी साधी होती. मला कोणत्या कायद्याने डांबले ते कोर्टाने तपासावे. सरकारचे म्हणणे होते की हा अर्ज ऐकताच येत नाही. 1 सप्टेंबर 1975 रोजी आपल्या हायकोर्टाने सांगितले, ऐकता येतो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासह देशातल्या नऊ हायकोर्टांनी हीच भूमिका घेतली. ज्या दिवसांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता त्या दिवसांत या न्यायाधीशांनी हे लिहिले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

सरकार सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. तरीही 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकार जिंकले. सरन्यायाधीश रे, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती एका बाजूला. एकटे खन्ना दुसऱ्या बाजूला. आपल्या भिन्नमताच्या शेवटी खन्नांनी अमेरिकेचे न्यायमूर्ती ह्यूज यांचा आधार घेतला: भिन्नमत हे उद्याच्या शहाणपणाकडे केलेले अपील असते. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

हे का घडले, याचे एक उत्तर नेहमी दिले जाते. अमेरिकेच्या संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीत, म्हणजे 1791 पासून, ‘ड्यू प्रोसेस’ची हमी आहे, कायदा न्याय्य आहे की नाही हेही तिच्या आधारे कोर्ट पाहू शकते. आपल्याकडे ती हमी मसुद्यातून वगळली. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव 1947 मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केले होते. तिथल्या कोर्टाने याच हमीच्या जोरावर कामगारहिताचे कायदे मोडले होते. 1905 च्या लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांच्या कामाच्या तासांवरची मर्यादा रद्द केली होती. जमीनसुधारणा करू पाहणाऱ्या नव्या देशाला ही भीती खरी होती. डॉ. आंबेडकरांना ती उणीव टोचत राहिली, आणि 1949 मध्ये त्यांनी अटकेतल्या माणसासाठी वेगळे कलम आणले; तेच आजचे कलम 22.

पण ती हमी असती तर 1976 टळले असते, हे मला पटत नाही. त्यासाठी 1944 चा कोरेमात्सू खटला पाहा. फ्रेड कोरेमात्सू कॅलिफोर्नियात जन्मलेला अमेरिकन नागरिक. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत नेले. गुन्हा नाही, चौकशी नाही. कोरेमात्सू गेला नाही, म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती कायम केली. संविधानात ‘ड्यू प्रोसेस’ होतेच. बहुमताच्या सहांत खुद्द फ्रँकफर्टर होते!

आता याच काळातले आपल्या भागाचे हायकोर्ट पाहा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत सौसर-पांढुर्ण्याचे हायकोर्ट नागपूरला होते. युद्ध चालू, राज्य परक्यांचे, मूलभूत हक्कांचा कागद अस्तित्वातच नाही. भारत संरक्षण नियमांतल्या नियम 129 ने पोलिसांना संशयावरून अटकेचा अधिकार दिला होता. विमलाबाई देशपांडे यांनी पोलिसांच्या अशाच एका अटकेविरुद्ध नागपूरला अर्ज केला. कोर्टाने पोलिसांना विचारले, तुमच्या संशयाला आधार काय? तो वाजवी होता हे तुम्ही सिद्ध करा. सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि 1946 मध्ये तिथेही हरले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे एक कलम आणि प्रश्न विचारणारे न्यायाधीश, एवढेच विमलाबाईंच्या हाताशी होते. संविधानाचे मोल मी कमी करत नाही. पण ते हातात असूनही दिल्लीने जे विचारले नाही ते नागपूरने त्याशिवाय विचारले, हे या भागातल्या प्रत्येक वकिलाला माहीत असायला हवे.

दोन्ही देशांनी चूक दुरुस्त केली, पण फार उशिरा. कोरेमात्सूची शिक्षा 1983 मध्ये रद्द झाली, 1988 च्या कायद्याने सरकारने माफी मागितली, आणि तो निकाल चुकीचा होता हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हणायला 2018 उजाडले. आपल्याकडे 44 व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम 21 चा हक्क स्थगित करण्याची वाट बंद केली. जबलपूरचा निकाल मात्र 24 ऑगस्ट 2017 रोजी, खाजगीपणाच्या खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोडला. तो मोडणारा मुख्य निकाल यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांचा. पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते, आणि जबलपूरच्या कोर्टात वकिली केलेले अभय सप्रेही होते.

त्याच 44 व्या दुरुस्तीत आणखी एक कलम होते. कलम 22 प्रमाणे सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने स्थानबद्ध ठेवता येते. संसदेने ती मुदत दोन महिन्यांवर आणली आणि मंडळाची रचना हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीवर सोपवली. 1978 मध्ये मंजूर झालेले हे कलम अमलात आणायला सरकारची अधिसूचना लागते. केंद्रात सरकारे आली नि गेली, ती अधिसूचना कोणीही काढली नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायदा 1980 पासून लागू आहे, आणि पांढुर्णा आता स्वतंत्र जिल्हा आहे. उद्या इथे कोणी स्थानबद्ध झाला, तर त्याच्यासाठी संविधानात आजही तीच जुनी, तीन महिन्यांची मुदत आहे. आपल्या खासदाराला या अधिसूचनेबद्दल लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.