पुळणीवरचा मुक्काम

नांदगाव तिठ्यावरून मुलाबाळांसह गाडी जामसंड्याकडे, समुद्राच्या दिशेने वळली, की प्रश्न येतो: तंबू कुठे ठोकायचा? थेट पुळणीवर नको. संध्याकाळी ओहोटीला कोरडी दिसणारी वाळू सहा तासांत पाण्याखाली जाऊ शकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर चढतं. वाळूवर काटक्या-शिंपल्यांची रेघ दिसते ना, तिच्या बरंच वर राहा. माडाखाली तर मुळीच नको. नारळ सांगून पडत नाही.

त्यापेक्षा मिठमुंबरी, कुणकेश्वर बाजूला एखाद्या घराचं खळं विचारून घ्यावं. विहिरीचं पाणी, संडास, रात्री दिवा, सकाळी गरम घावणे. घरात आजी असली तर मुलांची काळजीच मिटली! हापूसच्या बागेत मात्र न विचारता शिरू नका आणि पालापाचोळ्याजवळ चूल पेटवू नका.

तांबळडेगला हिवाळ्यात जात असाल, तर किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावू नका. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि दिव्यांमुळे पिल्लं समुद्राची वाट चुकतात. जून उजाडला, की तंबू घरीच ठेवावा. तेव्हा कौलारू छप्परच हवं.