सत्कार झाला, आता पुढे?



बारावीचा निकाल लागला की गावोगावी सत्कार सुरू होतात. शाल, नारळ, पाकिटात पाचशे-हजार रुपये आणि सरपंचांसोबत फोटो. चांगलंच आहे ते. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला निघालंय, त्या घराची खरी धावपळ फोटोनंतर सुरू होते.

मुंबईत १९०७ साली असाच एक सत्कार झाला होता. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुस्तक काय, कुणीही देईल. पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला गुरुजी आधीपासून ओळखत होते. पुढे कॉलेजचा खर्च घराला झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्यांनीच शब्द टाकला. बडोद्याची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. पैसा महाराजांचा, पण कुणाच्या दारी जायचं हे गुरुजींना ठाऊक होतं.

आता प्रत्येक गावाला सयाजीराव कुठून मिळणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याचं उत्तर गरिबांच्याच घरात शोधलं. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. बोर्डिंगातल्या पोरांसाठी बायकांनी घरच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, असा मुष्टी फंड सुरू झाला. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्यातूनच पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, 'कमवा आणि शिका' म्हणत. मला त्या मुठीचं मोल धान्यापुरतं वाटत नाही. ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला बोर्डिंगातल्या पोराची चौकशी करायचा हक्क आला.

आज सरकारी फी-सवलती आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. पण शिष्यवृत्ती खात्यावर येते तिच्या सवडीने, आणि मेसवाला विचारतो महिन्याच्या महिन्याला. खोलीचं डिपॉझिट, बसचा पास, प्रयोगशाळेचा कोट हे कुठल्याच योजनेत नीट बसत नाही. मोठ्या देणगीपेक्षा इथे गावचा छोटा पण हाताशी असलेला निधी जास्त उपयोगी. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी, बचत गटाने भर घालावी. अडलेल्याला चार दिवसांत पैसे मिळावेत, सवडीने परत यावेत. आणि कृपा करून त्याचा फोटो काढू नये.

पैशापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत अडकते. निकालावर दिसतं 'एटीकेटी'. वडील फोनवर एवढंच विचारतात, "पास का नापास?" तिला उत्तर देता येत नाही. जिच्या घरात मामा-काका कॉलेजला जाऊन आलेत, तिला कुणीतरी हसून सांगतं, "अगं, माझ्याही दोन राहिल्या होत्या. वर्ष गेलेलं नाही. परीक्षेचा फॉर्म भर आणि त्या सरांना जाऊन भेट." हिच्या घरात हे सांगणारं कुणी नाही. ती बॅग भरते.

म्हणून तिला गावचीच, चार वर्षं पुढे गेलेली एखादी ताई हवी. फार विद्वान नको, फोन उचलणारी हवी. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, खातं आधारशी जोडलेलं लागतं, हे तिने स्वतः रांगेत उभं राहून शिकलेलं असतं. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून देणगीदारांच्या बळावर ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवते आहे. तशी वास्तू आपल्याला उभारता येणार नाही, पण ताई शोधता येईल.

आपल्या भागातून यंदा कोण कोण निघालंय, याची यादी बहुतेकदा ग्रामपंचायतीत सापडत नाही. ज्युनिअर कॉलेजच्या क्लार्कला विचारा. दाखला न्यायला प्रत्येक जण त्याच्या टेबलापाशी येऊन गेलेला असतो.