सुटे भाग, सबंध मोटार



जुन्या मोटारीचे भाग जमवून गाडी उभी करणे हा श्रीमंती चाळा, असे आम्हां चळवळीतल्यांना प्रथम वाटते. पण अमेरिकेतले हौशी लोक फोर्डची 'मॉडेल टी' कशी जुळवतात ते पाहावे. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोट गाड्या निघाल्या. एकीचा भाग दुसरीला बसावा, हीच त्यांची रीत. म्हणून कोणाच्या कोठारातली चेसिस, भंगारातले इंजिन असे आणून आजही गाडी चालती होते. १९१६ पर्यंतचा पितळी रेडिएटर नंतरच्या सालच्या गाडीला लावलेला जाणकारांना खपत नाही, ते निराळे!

भाग अदलाबदलीचे झाले, तशी माणसेही झाली. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी आली. साडेबारा तासांचे चेसिसचे काम लवकरच दीड तासावर आले. एकाने बोल्ट घालायचा, नट दुसऱ्याने. कामगार इतके सोडून जाऊ लागले की १९१४ मध्ये ५ डॉलर रोज आणि ८ तासांची पाळी द्यावी लागली. तेही घरोघर तपासनीस धाडून. संघटनेशी करार व्हायला १९४१ उजाडले.

आठ तासांची पाळी झाल्यावर उरलेल्या वेळात कामगार करणार काय, असे मालक आम्हांला विचारीत आले आहेत. हा हौशी गडी पाहा. बेअरिंगसाठी बॅबिट धातू वितळवून ओततो, तासतो, पुन्हा बसवून पाहतो. मुकादम नाही, घड्याळ नाही. शेवटी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल मारतो. इंजिन उलटे फिरले तर हात मोडतो, हे त्याला ठाऊक असते.