मेंढीचे खत घेता, तशी लोकरही घ्या

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेतकरी आणि महिला बचत गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, की वरंधा आणि आंबेनळी घाट उतरून धनगरांचे वाडे कोकणात येऊ लागतात. पुणे व सातारा जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातील हे मेंढपाळ. वरच्या माळावरचा चारा संपतो आणि आपल्याकडे खाचरे मोकळी होतात. तुम्ही शेतात मेंढ्या बसवता, त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम देता. पावसाळ्यापूर्वी वाडा घाट चढून परत जातो. या देवघेवीत चारा, खत आणि धान्य यांचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवला. चौथी वस्तू मात्र हिशेबाबाहेर राहिली. ती म्हणजे लोकर. आज मला तिच्याबद्दल बोलायचे आहे.

आपण मेंढ्या पाळाव्यात काय?

हा प्रश्न तरुण शेतकरी नेहमी विचारतात. धनगरांकडील दख्खनी मेंढी ही कमी पावसाच्या, कोरड्या माळावरची जात आहे. महाड-पोलादपुरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ओलीत मेंढीचे खूर सडतात, पाणथळ जागी चरल्यामुळे यकृतात पर्णकृमी होतात, भिजलेल्या लोकरीमुळे फुफ्फुसदाह होतो. आपल्या धनगरवाड्यांवरील गवळी धनगर बांधवांनी मेंढ्या न पाळता गाई-म्हशी पाळल्या, यामागे हेच शहाणपण आहे. म्हणून बाजारातून पाच-दहा दख्खनी मेंढ्या आणून त्या बारमाही ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. लहान जनावर पाळायचेच असेल, तर कोकणच्या हवामानात वाढलेली कोकण कन्याळ शेळी पाहावी. मेंढीचा लाभ मात्र मेंढी विकत न घेताही मिळतो. वर्षातील सहा-सात महिने मेंढी आपण होऊन तुमच्या बांधावर येते.

खताचा लाभ पुरता घ्यावा

शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते. मेंढी-शेळीच्या खतात ते सुमारे ३ टक्के, स्फुरद १ टक्का आणि पालाश २ टक्के असते. शिवाय मेंढ्या शेतातच बसवल्याने मूत्रही जमिनीत मुरते. प्रथम रोपवाटिकेच्या जागेवर मेंढ्या बसवाव्यात, म्हणजे राब भाजण्यासाठी फांद्या तोडण्याचे काम कमी होते. त्यानंतर वरकस जमिनीचा विचार करावा. मेंढ्या उठल्यावर लेंड्या उन्हात पडू न देता हलकी नांगरट करावी.

तंटे होतात ते बहुधा वालाच्या शेतावरून आणि आंबा-काजूच्या कलमांवरून. यासाठी वाडा येण्यापूर्वीच गावाने बसून कोणते क्षेत्र मोकळे आणि कोणते राखीव हे ठरवावे व वाड्याच्या कारभाऱ्याला दाखवावे. आंत्रविषार, पीपीआर, देवी या रोगांच्या लसी टोचल्या आहेत का, हेही विचारावे. गावच्या शेळ्यांनाही वेळेवर लस द्यावी.

लोकरीला भाव का नाही?

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. एका कातरणीत एका मेंढीची जेमतेम पाव किलो किंवा थोडी अधिक लोकर निघते. ती जाड, भरड व बहुधा काळी किंवा करडी असते. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, तर दख्खनीचा पन्नासच्या आसपास जाड असतो. त्यामुळे स्वेटर, शाली यांच्या गिरण्यांना ती चालत नाही.

तिचे खरे गिऱ्हाईक म्हणजे घोंगडी. कोकणात पावसाळ्यात बाया इरले घेत आणि पुरुष घोंगडीची खोळ. भरड लोकरीवरून पाणी लवकर आत शिरत नाही आणि भिजली तरी ती ऊब देते. पुढे प्लॅस्टिकची खोळ आली, पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली, आणि सनगर व खुटेकर विणकरांचे खड्डामाग एकामागून एक बंद पडले. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जड झाली. मेंढीच्या आरोग्यासाठी कातरणी तर करावीच लागते. मग कातरलेली लोकर अनेक ठिकाणी माळावरच टाकून दिली जाते.

याचा परिणाम दूरवर जातो. लोकरीला मोल नसेल, तर मेंढपाळ मांसासाठी माडग्याळसारखी उंच, अत्यल्प लोकरीची जात आपल्या कळपात आणतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याचे पोट मटणाच्या भावावर आहे. पण अशाने लांब चालणारी, काटक, काळी दख्खनी मेंढी कमी होते आणि लोकर पिंजण्या-कातण्याची कला एका पिढीत विसरली जाते. वाड्यावरच्या म्हाताऱ्या आजीला जे येते, ते तिच्या नातसुनेला येईलच असे नाही.

भगिनींनी काय करावे?

माग घालणे हे बचत गटाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. बुरणूस, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, हे मात्र घरच्या पडवीत होते. त्याची रीत अशी :

१) कातरणी कधी आहे, हे वाड्यावर विचारून ठेवावे. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. ती वेगळी घ्यावी. काळी, करडी व पांढरी लोकर वेगवेगळी बांधावी.

२) काडीकचरा, कुसळे व लेंड्या हाताने निवडाव्यात. कोमट पाण्यात रिठे घालून लोकर भिजत ठेवावी. या वेळी ती चोळू नये, नाहीतर गुठळ्या होतात. दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवावी.

३) वाळलेली लोकर बोटांनी मोकळी करून नंतर पिंजावी.

४) चटईवर पिंजलेल्या लोकरीचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा असे तीन-चार सारखे थर द्यावेत. वर साबणाचे गरम पाणी शिंपडावे. चटई घट्ट गुंडाळून दोरीने बांधावी आणि हातापायांनी लोळवावी. मधून मधून उलगडून दिशा बदलावी व पुन्हा गरम पाणी द्यावे. तंतू एकमेकांत अडकून कापड आटते व घट्ट होते.

५) चिमटीने वरचा थर उचलून पाहावा. तो सुटत नसेल, तर काम झाले. मग स्वच्छ पाण्यात खळबळून सपाट वाळवावे.

पहिल्या प्रयत्नास लहान आसन किंवा गरम भांड्याखाली ठेवण्याची चकती करावी. लोकरीला कसर लागते आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीही येते. यासाठी जूनपूर्वी कडक ऊन दाखवून वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह माल कोरड्या जागी बांधून ठेवावा.

एक गोष्ट आवर्जून करावी. हे काम शिकण्यासाठी वाड्यावरच्या मावश्यांना बोलवावे व शिकवण्याचा मोबदला द्यावा. लोकर त्यांच्यासमोर तोलून घ्यावी आणि जावळाला अधिक दर द्यावा. टाकाऊ माल म्हणून फुकट मागू नये. फुकट दिलेली वस्तू पुढच्या वर्षी कोणी निवडून, बांधून आणत नाही.

विक्री

आपल्या दोन तालुक्यांना बाजारपेठ शोधत मुंबईला जावे लागणार नाही. रायगड किल्ल्यावर बारमाही लोक येतात. पोलादपूरहून महाबळेश्वर व प्रतापगडाकडे जाणारी वाहने दारावरून जातात. शिवथरघळीला भाविक येतात. जप, पारायण, पूजा यांसाठी लोकरीचे आसन आपल्याकडे उत्तम मानले आहे, तेव्हा त्या ठिकाणी ते सांगून विकावे लागत नाही. प्रत्येक आसनाला चिठ्ठी जोडावी आणि तीवर दोनच ओळी लिहाव्यात : लोकर दख्खनी मेंढीची, रंग नैसर्गिक.

सुरुवात मात्र बेताने करावी. एका गटाने एकाच वाड्याची वीस-पंचवीस किलो लोकर घ्यावी, खर्च व विक्री वहीत मांडावी आणि हिशेब जमला तरच पुढच्या वर्षी वाढवावी. मेंढपाळ बांधवांनी योजनांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाशी आणि लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क ठेवावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळराने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षात सभा पुष्कळ होतात. घाट उतरून येणाऱ्या मेंढपाळाला सभेचा उपयोग थोडा. त्याला थांबायला मोकळे खाचर, ठरलेला मोबदला आणि कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक हवे. यांतील पहिल्या दोन गोष्टी तुमचे वाडवडील देत आले. तिसरी तुम्ही द्यावी, एवढीच विनंती.