मनोरुग्ण आणि कावीळ

अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यावरील गांवांतल्या माणसाचें मन ढळलें, तर उपचारासाठीं ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तें १९०१ सालीं स्थापन झालें. अशा कोणत्याहि संस्थेंत आप्ताला ठेवतांना आपण त्याच्या मनाची चौकशी करितों. शरीराची मात्र विसरतों.

पुष्कळ माणसें एकत्र राहतात, तेथें विषाणुजन्य कावीळ सहज शिरते. हेपटायटिस 'ए' आणि 'ई' दूषित अन्नपाण्यानें पसरतात. 'बी' आणि 'सी' मुख्यतः रक्तावाटे. दाढीचें एकच पातें अनेकांच्या गालांवरून फिरणें हेंहि धोक्याचें असतें. एका पंक्तीस जेवल्यानें मात्र 'बी' किंवा 'सी' होत नाहीं. म्हणून अशा रोग्यास वाळींत टाकणें हा निव्वळ अन्याय होय.

खरा घात निराळाच आहे. अन्नावरील वासना उडणें, सुस्ती, अंथरुणास खिळणें हीं लक्षणें मनोविकाराचींहि असतात आणि यकृतदाहाचींहि. 'हें त्याचें नेहमींचेंच' म्हणून सोडून दिलें, कीं रोग बळावतो. ज्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, त्याच्या डोळ्यांतील पिवळेपणा दुसऱ्यानेंच पाहिला पाहिजे.

'बी'वर प्रतिबंधक लस आहे, 'सी' बरा करणारीं औषधें आहेत. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत या दोहोंची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. मनोरुग्णास स्वच्छ, सुरक्षित निवासाचा हक्क २०१७ च्या कायद्यानें दिला आहे. तेव्हां भेटीस जातांना खाऊबरोबर दोन प्रश्नहि न्यावे: रक्त तपासलें काय? लस टोंचली काय?